उशाची फळी

चिमूटभर भुसा. खिडकीच्या चौकटीवर, पलंगाच्या उशाकडच्या कोपऱ्यात... काल पुसला तो नव्हे, हा नवा. तिने बोटाचं टोक ओलं करून त्यावर टेकवलं आणि उजेडाकडे धरलं. लाकडाचे तंतू, पेन्सिल तासताना पडतात त्याहून बारीक, आणि त्यांत काहीतरी काळं... पाय. मुंगळ्याचा एकच पाय, मधे दुमडलेला. रोज सकाळी ही चौकट पुसायची आणि कामावर जायचं, हे किती दिवस चाललंय? आई गेल्यापासून आठ महिने, एवढं नक्की. पण त्याआधीही पुसतच होते की मी. आई पलंगावर बसून बघायची, आणि एकदा म्हणाली होती, पुसतेस कशाला, उद्या पुन्हा टाकतील. कोण टाकतील, असं तिने विचारलं नव्हतं. त्या दिवसांत आईच्या बोलण्यातला प्रत्येक 'ते' आणि प्रत्येक 'त्यांना' ती मेंदूच्या डॉक्टरांना सांगण्यासाठी लक्षात ठेवत असे. आईला मात्र काही विचारत नसे.

आज तिने अर्धा दिवस रजा काढली होती. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी काळे टपोरे मुंगळे दिसले, तिने फवारा आणून मारला, दोन दिवस कुठे काही नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच भिंतीवरून उतरताना दिसले. मग रविवारी आईच्या खिडकीच्या काचेवर पंखवाले, पंधरा-वीस. वाळवीच, असं तिने धरून टाकलं होतं. घर एकटीचं असलं की वाळवी या शब्दाची भीती दुप्पट होते. त्यांतला एक तिने रिकाम्या बाटलीत धरून ठेवला. बाटली आईच्या गोळ्यांची होती, हातापाशी तेवढी एकच रिकामी होती म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

किडेमुंग्यांचा बंदोबस्त करणारा तो माणूस साडेदहाला आला. पन्नाशीचा, गुडघ्यांवर कातड्याचे तुकडे शिवलेली विजार, बोलणं सावकाश. त्याने दारातच पायांतले बूट काढले, बाटली हातात घेतली, मुंगळा तळहातावर पाडला आणि चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, वाळवी नाही, तेवढ्यासाठी देवाचे आभार माना. कमर बघा, चिमटीत धरल्यासारखी बारीक. वाळवीला कमर नसते, सरळ ठोकळा असतो. मिशा कोपरात वाकलेल्या. पुढचे पंख मोठे, मागचे छोटे, वाळवीचे चारी सारखे. या सुतारमुंग्या. लाकूड खात नाहीत, नुसतं कोरतात, खोल्या पाडतात आणि झाडलोट करून भुसा बाहेर टाकतात. स्वच्छतेचं वेड असतं यांना, असं म्हणून तो तिच्या हातातल्या फडक्याकडे बघून हसला. तीही हसली. हसण्यासारखंच होतं.

मग तो खोलीभर हिंडला. स्क्रूड्रायव्हरची मूठ भिंतीच्या लाकडी अस्तरावर हळूहळू ठोकत, दरवाजापासून सुरुवात करून. ठक, ठक, ठक. ती मागून चालत होती, आणि तिला वाटलं, हे तर माझंच काम. एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आवाज येऊ नये अशा खोलीत माणसांना बसवायचं, बारीक बारीक आवाज द्यायचे आणि कुठे ऐकू येतं, कुठे नाही, ते कागदावर मांडायचं. उजव्या कानाला लाल पेन्सिल, डाव्याला निळी. बावीस वर्षं. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता आपापल्या पोरांना घेऊन येतात... ठक, ठक, आणि पलंगाच्या उशापाशी आवाज बद्द झाला. तो थांबला. आणखी एकदा ठोकलं, वर, खाली, खिडकीच्या चौकटीपर्यंत. सगळं बद्द.

'इथं आहे घर,' तो म्हणाला.

खिडकीवरच्या छपराची पन्हळ फुटली होती. पाणी बाहेर पडायचं सोडून चौकटीच्या मागे उतरत होतं, तिथून भिंतीतल्या उभ्या खांबात. सुक्या, घट्ट लाकडाच्या वाटेला या मुंग्या जात नाहीत, त्यांना मुरलेलं मऊ लाकूड लागतं. म्हणजे आधी पन्हळ दुरुस्त करायची, नाहीतर या मरतील आणि दुसऱ्या येतील. ती ऐकत होती, मान डोलावत होती. किती दिवसांचं असेल हे, असं तिने सहज विचारलं, आपलं काहीतरी विचारायचं म्हणून. दिवसांचं नाही, तो म्हणाला. मुंगीला पंख फुटायला आधी घर चांगलं नांदतं व्हावं लागतं. तीन वर्षं धरा, चार धरा.

तीन धरली, चार धरली. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आईने पहिल्यांदा सांगितलं होतं.

'तुम्हाला आवाज नाही आला कधी?' त्याने विचारलं.

'नाही.'

'उभ्याने नाहीच यायचा. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला पाय आहेत. बसा, आणि डोकं टेकवा फळीला. कान नाही, डोकं. डोक्याला जास्त कळतं.'

पलंगाच्या उशाची ती फळी. दोन वर्षांपूर्वी पलंग हलतो, करकरतो म्हणून धाकट्या भावानेच ती भिंतीतल्या खांबाला चार लांब स्क्रूंनी पक्की करून दिली होती. चार तासांसाठी आला होता, तेवढं एक काम केलं आणि वर्षभर सांगत होता. ती पलंगावर बसली, मागे सरकली, डोकं टेकवलं. मुंगीवाल्याने चौकटीवर एकदाच, मुठीने, हलकेच ठोकलं.

आणि डोक्यात कोणीतरी कागद चुरगळला.

नाही, हे शब्द माझे नाहीत. हे शब्द आईचे. कोणीतरी कागद चुरगळतंय गं, अगदी हळू, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून. आई असंच म्हणाली होती, याच जागी बसून, सकाळी नऊला, तिची कामावर जायची घाई चालू असताना. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली होती, खांद्याला पिशवी, आणि कान देऊन ऐकलं होतं. प्रामाणिकपणे ऐकलं होतं, हे तरी कोणी नाकारू शकणार नाही. तिचे स्वतःचे कान तर तपासून घेतलेले, दर वर्षी, अगदी काटेकोर. काही नव्हतं. आई, काही नाहीये. आहे गं, तू इथे ये, इथे डोकं ठेव. ती गेली नव्हती. उशीर होत होता हे खरं, पण ते कारण नव्हतं. अशा भासांना दुजोरा द्यायचा नसतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं वेळेवर आठवल्याचं तिला बरंही वाटलं होतं. आई हट्टाने फळीवर हात थोपटत राहिली, लहान मुलाला जवळ बसायला बोलवावं तशी. मग थांबली.

मुंगीवाला बोलत होता. औषधाचे गोड थेंब तो मुंग्यांच्या वाटेवर ठेवणार होता, मोरीपाशी, दाराच्या कडेला आणि इथे. मुंग्या ते खातील, घरी नेतील, आतल्यांना भरवतील. म्हणून आता फवारा अजिबात नको. फवारा म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. समोरच्या मरतात आणि आतल्या घर फोडून चार ठिकाणी संसार मांडतात. पुसायचं नाही, वाट मोडायची नाही, दिसली मुंगी तरी जाऊ द्यायची. तीन आठवड्यांत सगळं गप्प होईल. मग सुताराकडून खांबाचा तो तुकडा कापून काढायचा. तिने विचारलं, हा आवाज... कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाला येईल का? त्याला प्रश्न नीट कळला नसावा. तो म्हणाला, त्याच्या बरोबर काम करणारा एक जण ठार बहिरा आहे, आणि भिंतीतली जागा सगळ्यांत आधी तोच दाखवतो.

तो गेल्यावर ती कामावर निघाली. रस्त्यावर माणसं होती, गाड्या होत्या, कोपऱ्यावर चांभार बुटाला खिळे ठोकत होता आणि खिळे ओठांत धरून गिऱ्हाइकाशी बोलत होता. सगळं जिथल्या तिथे होतं. तीच मधे मधे थांबत होती. बोन कंडक्शन. हाडावाटे. शिकाऊ मुलींना मी पहिल्या आठवड्यात शिकवते ते. कानाचा बाहेरचा भाग बिघडला, पडदा गेला, मधली साखळी आखडली, तरी आतला कान शाबूत असला तर आवाज कवटीच्या हाडातून थेट आत पोचतो. म्हणून दोन तपासण्या करायच्या, एक हवेतून, एक हाडातून. कानामागे डबी लावून. लहान पोरांना मी सांगते, आता ही डबी तुझ्या डोक्याशी गुपचूप बोलणार, बाकी कोणाला कळणार नाही. पोरांना ते फार आवडतं.

फाइल शोधायला वेळ लागला नाही. तिनेच ठेवली होती, तिच्याच अक्षरात, आईचं नाव आणि वय, शहात्तर. तिने दार लावून घेतलं आणि कागद टेबलावर पसरला. हवेतून ऐकण्याच्या रेषा खाली गेलेल्या, लाल आणि निळी, दोन्ही. लहानपणी आईचे कान वाहायचे, त्या काळात कोण बघतंय, पडदे गेलेले. आणि त्यांच्या वर, तिच्याच हाताने काढलेल्या, हाडावाटे ऐकण्याच्या खुणा. वर. खालच्या पट्टीत तर जवळजवळ तरण्या माणसाइतक्या वर. दोन रेषांच्या मधे एवढी मोकळी जागा, की परीक्षेला आलेली कोणतीही मुलगी ती बघून म्हणाली असती... आणि त्या मोकळ्या जागेखाली तिच्या सुबक अक्षरात एक ओळ. 'हवेतून ऐकण्याची पातळी पाहता रुग्ण सांगते तसा सूक्ष्म आवाज ऐकू येणे संभवत नाही.' खाली सही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो. त्या दिवशी तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, आई हातची चाललीय याची, आणि भीती वाटणारं माणूस कागदावर नेमकी भीतीच वाचतं. मेंदूच्या डॉक्टरांनी ओळ वाचली आणि म्हणाले, तुम्ही याच कामातल्या, मग प्रश्नच मिटला. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाली. आईचं तोंड सुकायला लागलं. हात थरथरायचा, म्हणून कप अर्धाच भरायचा. दिवसाही झोपायची. शेवटी छातीत कफ झाला आणि तिसऱ्या आठवड्यात गेली. गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसेल. असेल. हे आता कोणत्या खोलीत बसवून तपासायचं?

दुपारी चार जण तपासायचे होते, तिने तपासले. शेवटची एक आजी होती, सुनेबरोबर आलेली, नटूनथटून. तिला नेहमीप्रमाणे पाठमोरं बसवलं, काचेकडे पाठ, कारण समोर बसवलं की माणसं यंत्राचं ऐकत नाहीत, तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. भुवई हलली की बटण दाबतात. लबाडी नसते ती. आपल्याला आवडेल असं उत्तर द्यावं, एवढंच असतं बिचाऱ्यांच्या मनात, आणि म्हातारी माणसं यात लहान मुलांपेक्षाही पटाईत. ती खुर्ची फिरवत होती, आजी तक्रार करत होती की माझी पाठ काय बघायची, आणि खुर्ची अर्ध्यात असताना तिचा हात थांबला.

मेंदूच्या डॉक्टरांच्या खोलीत आईला आमच्या समोर बसवलं होतं.

गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी मोठ्याने, प्रेमाने विचारलं, काय आजी, आता येतो का आवाज? आणि आईने आधी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. चांगले दोन-तीन श्वास घेण्याइतका वेळ बघत राहिली. मी काय केलं असेल? हसले असेन. आशेने बघितलं असेल, वाकून, डोळे मोठे करून, जसं आपण बाळाने पहिला शब्द बोलावा म्हणून बघतो. मग आई म्हणाली, नाही. आता नाही येत. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला, छान. बाहेर आल्यावर मी तिला मिठी मारली, रडलेसुद्धा, आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ, जणू कोणाची तरी समजूत काढायची होती.

'मला ऐकू यायला लागलं की बटण दाबायचं ना?' आजी विचारत होती.

'हो. आलं तरच दाबा,' ती म्हणाली, आणि खुर्ची पुरती फिरवली.

संध्याकाळी घरी परतताना धाकट्याचा फोन आला. तो लांब राहतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो, आई होती तेव्हाही हाकायचा. घराची खबरबात विचारली. तिने सांगितलं, आईच्या खोलीत सुतारमुंग्या निघाल्या, औषध घातलंय. पन्हळ कोणाकडून करून घ्यायची, सुतार कसा बघून घ्यायचा, हे त्याने सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आता सांगावं, असं दोनदा मनात आलं. आई फळीबद्दल बोलायची तेव्हा तोही हसायचा, पण हसून विसरायचा. कागदावर लिहून सही तिने केली होती. त्याला सांगितलं तर तो ताई, तुझी काय चूक, असं म्हणेल, लगेच म्हणेल, आणि मग ते खरं मानून झोपायचं.

'बरं झालं, वेळेत कळलं,' तो म्हणाला.

'हो,' ती म्हणाली.

खोलीत अजून उजेड होता. चौकटीवर औषधाचे थेंब ओळीने लावलेले, पारदर्शक, आणि त्यांच्याभोवती मुंगळे डोकं खुपसून उभे, शिस्तीत, एकाचं झालं की दुसरा. एक जण पोट भरून वळला आणि फटीत शिरला. घरच्यांना भरवायला. तिने फडकं उचललं नाही. पलंगावर चढली, पाय वर घेतले, आईची उशी बाजूला केली आणि डोकं फळीला टेकवलं.

काही वेळ नुसतं स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग ते सुरू झालं. भीतिदायक अजिबात नव्हतं. आत पुष्कळ जण कामात होते, कोणाला घाई नव्हती. तिला शोधूनही आठवेना, की आईने कधी, एकदा तरी, मला भीती वाटते असं म्हटलं होतं. नव्हतं म्हटलं. भीती ही माझी भर होती. आई सांगायची ते नवल म्हणून. पावसात वाढतं गं, म्हणायची, दुपारी जरा निवांत असतात. हे सगळं बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होता. आई निरीक्षण करत होती, आणि सांगायला घरात एकच माणूस होतं, ज्याचं काम ऐकण्याचं.

आठ महिने लोक म्हणत आलेत, सुटल्या बिचाऱ्या. तीही म्हणायची, सुटली. आई अशी जाण्याआधीच गेली होती, उरलं होतं ते नुसतं शरीर, असं स्वतःला सांगून तिने दुःख आटोपतं घेतलं होतं, जुनं लुगडं घडी घालून ठेवावं तसं. आणि आई तर गेलीच नव्हती. या पलंगावर, गोळ्यांच्या गुंगीतही, एक पुरती शहाणी बाई बसलेली होती. आपल्याला वेडं ठरवलंय हे तिला कळत होतं. कोणी ठरवलं तेही कळत होतं. आणि त्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून ती दोन वेळा गोळी गिळत होती, तोंड उघडून जीभ दाखवत होती, नाही येत गं आवाज, म्हणत होती. त्या बाईला मी भेटलेच नाही. दीड वर्ष एका घरात राहून. रोज समोर उभी राहून.

तिच्यासाठी मी एक दिवसही रडले नाही.

बाहेर कोणीतरी कोणाला तरी जेवायला हाक मारली. खिडकीचा उजेड थोडा खाली सरकला. तीन आठवडे, तो म्हणाला होता, मग गप्प. आताच उठून ते थेंब पुसून टाकता येतील, असं तिच्या मनात आलं. पुसून काय होईल, असंही आलं. तिने डोकं हलवलं नाही. हलवलं की ऐकू यायचं थांबतं. आई गेली, ती म्हणाली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत, एखादी बातमी नुकतीच हाती पडावी तशी, आणि आता हे कोणाला कळवायचं, ते तिला सुचेना.